पतपेढीतली लोकसभा

लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या की आमच्या पतपेढीतला चहाचा खप वाढतो. एरवी दिवसातून दोनदा येणारी किटली चार-पाचदा येते, कारण माणसं येतात. एरवी न फिरकणारे संचालक येतात, वॉर्डातले कार्यकर्ते येतात, कुठल्या तरी साहेबांचे स्वीय सहायक येतात. सगळे भाऊंच्या केबिनमध्ये बसतात आणि दार लोटून घेतात. दार नीट लागत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते मला काउंटरवर बसून ऐकू येतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, सहकारी संस्था उमेदवाराला मदत करते म्हणजे पैसे देते. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. संस्थेच्या पैशातून प्रचाराला काही देता येत नाही, हे भाऊंना पक्कं माहीत होतं आणि त्या बाबतीत ते कडक होते. पण पैशाखेरीज पतपेढीकडे देण्यासारखं खूप असतं. लालबाग-परळमधल्या कुठल्या चाळीत कोण राहतं, कोणाचा मुलगा कुठे नोकरीला आहे, कोणाच्या घरात लग्न निघालंय, कोण कोणाला जामीन राहिलंय, हे आम्हाला ठाऊक असतं. लोक आम्हाला दार उघडतात. उमेदवाराला नेमकं तेच हवं असतं.

मी या संस्थेची व्यवस्थापक आहे. दोन खोल्यांची जागा, तीही चाळीच्या तळमजल्यावर. मी इथे आले ती कर्ज मागायला. धाकट्या भावाची आयटीआयची फी भरायची होती आणि वडिलांची गिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते. अर्ज मी भरला होता. तो वाचून भाऊ म्हणाले, "अक्षर कोणाचं? तुझं? बँकेच्या परीक्षेला बसलीस का?" बसले होते, दोनदा नापास झाले होते. ते म्हणाले, "मग सोमवारपासून इथे बस. तुझ्या भावाचं कर्ज तूच वळतं करून घे." मी बसले. ती आजतागायत इथेच आहे.

भाऊ म्हणजे आमचे तेव्हाचे अध्यक्ष. संपानंतर ज्यांना कुठलीच बँक दारात उभी करत नव्हती, अशा गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनी आणि आणखी काही जणांनी ही पतपेढी काढली. सुरुवातीला टेबलं नव्हती म्हणून व्यायामशाळेतून दोन बाकडी आणली होती, त्यातलं एक अजून आहे. भाऊंनी स्वतःचं घर मोठं केलं नाही, मुलाला संस्थेत चिकटवलं नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कोणाला ते लबाड वाटायला नकोत.

पूर्वीच्या निवडणुकांत भाऊ कोणाच्या ना कोणाच्या स्टेजवर जाऊन बसायचे, तेवढंच. या खेपेला उमेदवार स्वतः आमच्याकडे आला. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, बोलायला मऊ. केबिनमध्ये एवढी माणसं मावेनात म्हणून तो माझ्या खुर्चीवर येऊन बसला आणि मी फायलींच्या कपाटाला टेकून उभी राहिले.

"भाऊ," तो म्हणाला, "बँक बुडाली तर ठेवीदाराला विमा आहे. पतपेढी बुडाली तर काय आहे?"

"काही नाही," भाऊ म्हणाले.

"हे दिल्लीत कोणी बोलतं का?"

भाऊंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात दुखरा विषय होता, आणि समोरच्याने तो बरोबर हेरला होता. काही वर्षांपूर्वी भायखळ्याकडची एक पतपेढी बुडाली तेव्हा आमच्याही दारात रांग लागली होती. आमच्या संस्थेत काहीच बिघडलेलं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार? आठवडाभर भाऊ दाराशी स्टूल टाकून बसले होते. येईल त्याला म्हणायचे, "हवे तर पैसे घेऊन जा, पण आधी बस, पाणी पी." बरेच जण पाणी पिऊन परत गेले. त्यानंतर भाऊंनी कुठे कुठे पत्रं लिहिली. पतपेढीच्या ठेवींनाही संरक्षण द्या, एवढीच मागणी. एकाही पत्राचं धड उत्तर आलं नाही.

"मी बोलेन," उमेदवार म्हणाला. "पण तिथे पोचलो तर."

तो गेल्यावर त्याचा माणूस मागे थांबला. त्याला तीन गोष्टी हव्या होत्या: सभासदांची फोन नंबरांसकट यादी, भोईवाड्यातल्या हॉलमध्ये सभासदांचा मेळावा, आणि रोजची ठेव गोळा करायला घरोघर जाणाऱ्या आमच्या प्रतिनिधींनी सोबत पत्रकं न्यावीत.

यादीला मी नाही म्हटलं. लोकांनी नंबर हप्त्याचा मेसेज यावा म्हणून दिलेत, प्रचारासाठी नाही. भाऊ माझ्यावर जरा चिडले. "अगं, नंबर म्हणजे काय गुपित आहे? पिझ्झावाल्याकडे पण असतो." मी म्हटलं, "पिझ्झावाल्याकडे असू दे. आपल्याकडून जायला नको." शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, यादी राहू दे. पण पत्रकांना तरी नाही म्हणू नकोस."

मी नाही म्हटलं नाही. एक मुद्दा जिंकल्यावर दुसऱ्यासाठी भांडायला मला लाज वाटली. शिवाय मलाही तो ठेवींचा मुद्दा पटला होता. आज वाटतं, यादी न देऊन मी फार काही वाचवलं नव्हतं. जी चालतीबोलती यादी होती, ती मी देऊन टाकली.

ती म्हणजे आमच्या मावशी. आमच्याकडे असे तीन प्रतिनिधी आहेत, त्यांत मावशी सगळ्यात जुन्या. साठीच्या जवळ आल्यात, पण अजून तीन-तीन जिने चढतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक आणि हल्ली एक छोटं मशीन. कोणी दहा रुपये देतं, कोणी पन्नास. ज्या घरी त्या दिवशी पैसे नसतात तिथे मावशी मागत नाहीत, नुसतं "बरंय ना?" विचारून पुढे जातात. एका घरात म्हातारे गृहस्थ बाथरूममध्ये पडले होते, ते आधी मावशींनाच कळलं, कारण ठरल्या वेळेला दार उघडलं नाही.

पत्रकांचा गठ्ठा मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी वरचं एक उचलून लांब धरून वाचलं.

"मॅडम, याचं आणि आपलं काय?"

"भाऊंनी सांगितलंय," मी म्हटलं.

त्यांनी पत्रक परत गठ्ठ्यावर ठेवलं, गठ्ठा पिशवीत घातला आणि गेल्या.

तीन-चार दिवसांनी, सकाळी नुकतंच शटर वर केलं होतं, तेव्हा एक आजी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचं नाव खात्यावरून माहीत होतं, चेहरा माहीत नव्हता, कारण त्या कधी येतच नसत. मावशी त्यांच्याकडे जात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्यांनी अधू, एकट्या. मुलगा विरारला. त्या दिवशी भिंत धरत धरत त्या जिने उतरल्या होत्या आणि सिग्नल ओलांडून आल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना आत आणलं, बाकड्यावर बसवलं. बराच वेळ त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या.

मग म्हणाल्या, "चेडवा, एक विचारू? रागावशीत नाय मां?"

"विचारा ना आजी."

"माजा मत दुसऱ्याक गेला, तर माजे पैसे अडकतले काय गो?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कसलं मत?"

त्यांनी कमरेच्या बटव्यातून घडी घातलेलं पत्रक काढलं. बटव्यात पासबुकही होतं, पत्रक त्याच्याच आत ठेवलेलं. "माजो घोव गिरणीत होतो तेव्हापासून आमचा मत त्या दुसऱ्या निशाणीक. आता ह्या वयात बदलूचा तरी कसा? पण तुमची मावशी ह्या घेऊन इली."

"आजी, मत गुप्त असतं. कोणाला कळत नाही. आणि तुमच्या पैशांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी सांगते ना."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, उलट समजूत घातल्यासारखं. म्हणाल्या, "गुप्त असता, तर मावशीक कशाक पाठवलास?"

मी पाण्याचा ग्लास भरायला उठले.

त्यांना सगळे पैसे काढून घ्यायचे होते. दुसऱ्याला मत देणार, मग यांच्याकडे पैसे ठेवणं बरं दिसत नाही, असा त्यांचा सरळ हिशोब. घाबरल्या होत्या, पण त्याहून जास्त त्यांना ते अप्रामाणिकपणाचं वाटत होतं. मी तासभर समजावलं. शेवटी म्हणाल्या, "बरा, आज ऱ्हवांदे. मी इचार करतंय." मी टॅक्सी थांबवली आणि आमच्या शिपायाला सोबत धाडलं.

दुपारी मावशी आल्या. मी सांगितलेलं त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मग पिशवीतून उरलेली पत्रकं काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले, माणसं माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. आधी दार उघडं टाकून आत जायची. आता दारातच पैसे देतात आणि म्हणतात, हो हो, तुमच्याच माणसाला. मी कोणाला विचारलंय? माझा कुठला माणूस?"

"चूक माझी आहे मावशी."

"चूक कोणाची का असेना. जिने मला चढायचेत."

हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. मोठ्याने बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

भाऊ आता दादरला मुलाकडे राहतात आणि सकाळी शिवाजी पार्कात फेऱ्या मारतात. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या आधी तिथे गेले. ऑफिसात दार लागत नाही आणि हे सगळ्यांनी ऐकावं असं मला वाटत नव्हतं. भाऊ कट्ट्यावर बसून बूट सैल करत होते. मला बघून म्हणाले, "काय गं, कोण गेलं?" या वयात सकाळी कोणी शोधत आलं की त्यांना तेच वाटतं.

मी आजींचं सगळं सांगितलं. ते आधी हसले. म्हणाले, "म्हातारी भोळी आहे. समजाव तिला."

"एकटी आजी नाही भाऊ. मावशींच्या सगळ्या घरांत तेच चाललंय. फक्त आजी विचारायला आल्या."

"मी काय माझ्यासाठी करतोय?" त्यांचा आवाज चढला. बाजूचे दोन फिरणारे वळून बघायला लागले. "त्या रांगेत कोण बसलं होतं? उद्या पुन्हा तशी रांग लागली तर या आजीला कोण पैसे देणार? मी ऐंशीला आलो. मी गेल्यावर स्टूल टाकून कोण बसणार आहे, तू?"

"बसेन," मी म्हटलं. "पण भाऊ, त्या वेळी लोकांनी तुमचं ऐकलं, कारण तुम्ही कोणाचेच नव्हता. आता तेच लोक घाबरून हो म्हणतायत. आणि ते तुम्हाला घाबरतायत. त्या उमेदवाराला नाही."

भाऊंनी मान वळवली. मैदानावर नेट लावून मुलं प्रॅक्टिस करत होती, तिकडे बघत राहिले. मग बुटाच्या नाड्या बांधत म्हणाले, "मेळावा होणार. शब्द दिलाय."

"मेळावा करा. पण एवढं तिथे सांगा."

"बघतो," म्हणाले आणि पुढच्या फेरीला निघून गेले. मी ऑफिसला आले ती नोकरी जाईल की काय असं मनात धरूनच. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला काढून ते दार कोण उघडणार? चावी तुझ्याकडे असते." त्याचं बोलणं असंच असतं, पण त्या रात्री मला झोप लागली.

पत्रकं वाटणं बंद झालं. तसं भाऊंनी मला सांगितलं नाही, पण नवीन गठ्ठे आले ते केबिनमध्येच पडून राहिले.

मेळाव्याला हॉल भरला होता. पुढे संचालक, मागे सभासद, त्यांत बायका जास्त. उमेदवार उशिरा आला. भाऊंनी हार घातला, स्वागत केलं, संस्था कशी उभी राहिली ते सांगितलं. हे भाषण मला पाठ आहे, वार्षिक सभेत तेच असतं. मग ते थांबले. खिशातून कागद काढला, चष्मा शोधला. चष्मा डोक्यावरच होता.

कागद बघून, अडखळत, ते म्हणाले, "मी यांना मत देणार आहे. का देणार, तर हे आपल्या ठेवींबद्दल दिल्लीत बोलणार आहेत म्हणून. हे माझं मत झालं. पतपेढीला मत नसतं. तुमचं पासबुक वेगळं आणि तुमचं मत वेगळं. कोणालाही मत द्या, नका देऊ, तुमच्या ठेवीला, कर्जाला कोणी हात लावणार नाही. आपल्या प्रतिनिधींकडे मी पत्रकं दिली, ती द्यायला नको होती. मावशींचा त्यात दोष नाही. मी सांगितलं होतं."

हॉलमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुजबुज झाली. मावशी मागच्या रांगेत उभ्या होत्या, त्यांनी पदर नीट केला आणि खाली बघत राहिल्या. उमेदवाराच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. माणूस मुरलेला होता. उठून म्हणाला, भाऊंसारखी स्वच्छ माणसं आहेत म्हणून सहकार टिकून आहे, आणि भाषण पुढे चालू केलं. पण निघताना त्याचा माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, हे बोलायची काय गरज होती? चांगलं चाललं होतं." मी म्हटलं, "आमच्याकडे नव्हतं चाललं."

भाऊ त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पुढे आठ-दहा दिवस कामापुरतं बोलायचे. मग एकदा केबिनमधून हाक मारली, "चहा सांग, आणि तुझाही सांग," आणि तिथे तो विषय संपला.

मेळाव्याला येऊ न शकलेली घरं उरली होती, आजींसारखी. मावशी म्हणाल्या, "मी सांगेन." मी म्हटलं, "मीही येते." सलग काही दिवस दुपारी मी त्यांच्याबरोबर चाळी चढले. इतकी वर्षं मी या लोकांची खाती सांभाळली होती आणि त्यांची घरं पहिल्यांदा बघत होते. मावशी पुढे, मी मागे धापा टाकत. प्रत्येक दारात मी तेच वाक्य म्हणायचे आणि प्रत्येक दारात लोक आधी मावशींकडे बघायचे. मावशी मान हलवायच्या, मग लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे. काहींनी तोवर खाती बंद केली होती. एका घरात तर दार उघडलंच नाही, आतून टीव्हीचा आवाज येत होता.

आजींच्या खोलीत आम्ही खाली चटईवर बसलो. त्यांनी सोलकढी दिली. मी सांगितलं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊ सगळ्यांसमोर असा बोललो?"

"हो."

"कागद बघून?"

"हो आजी, कागद बघून."

"मगे खरा असतला," त्या म्हणाल्या. "खोटा बोलूक कागद लागणा नाय." मावशी खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. आजींनी पैसे काढले नाहीत. मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी मुलगा विरारहून आला होता आणि त्याने खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं, एवढं मावशींकडून कळलं.

तो उमेदवार निवडून आला. विजयाच्या मिरवणुकीत आमच्या दारापाशी थांबून त्याने भाऊंना नमस्कार केला. नंतर भाऊंनी ठेवींच्या संरक्षणाचं निवेदन त्याच्या कार्यालयात नेऊन दिलं. आभाराचं छापील पत्र आलं. भाऊंनी फोन केले, साहेब अधिवेशनात आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत. मग बऱ्याच महिन्यांनी खरोखरच एक पत्र आलं. मागणी दिल्लीतल्या मंत्रालयाकडे पाठवल्याचं त्यात लिहिलं होतं आणि पाठवलेल्या पत्राची प्रत जोडली होती. पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. भाऊंनी ती प्रत दोनदा वाचली. म्हणाले, "निदान पुढे तरी पाठवलं." ते समाधानी होते की नाही, मला सांगता येणार नाही.

त्या वर्षीच्या संचालकांच्या बैठकीत भाऊंनी स्वतः ठराव मांडला. कुठल्याही निवडणुकीत संस्थेची जागा, यादी, कर्मचारी किंवा प्रतिनिधी कोणाच्या प्रचारासाठी वापरायचे नाहीत. दोन संचालक विरोधात होते. त्यांतल्या एकाला स्वतःलाच पुढे महापालिकेला उभं राहायचं होतं. ठराव मंजूर झाला, मी तो इतिवृत्तात लिहिला, आणि त्याच बैठकीत भाऊंनी अध्यक्षपद सोडलं. वय झालं, जिना चढवत नाही, असं कारण दिलं. आमच्या ऑफिसला जिना नाही. ते कोणी बोलून दाखवलं नाही.

मावशींच्या बंद झालेल्या खात्यांपैकी बरीचशी हळूहळू परत आली. ज्या घरात दार उघडलं नव्हतं, त्यांचं मात्र परत आलं नाही. मावशी अजून त्या मजल्यावर जातात. शेजारच्या दोन खोल्यांतून पैसे घेतात, त्या दारापाशी येताना पावलांचा आवाज जरा मोठा करतात आणि पुढे जातात.